शाळेनंतरचं सेंटर चालवणारी माणसं: कशी शोधायची, कशी टिकवायची

शाळा सुटते आणि घरी मोठं माणूस परत येतं, याच्यामध्ये जे दोन-तीन तास असतात ना, त्या तासांसाठी संस्था काढायचं मनात असलेले बरेच जण मला विचारतात की सुरुवात कुठून करू, आधी जागा बघू का, रजिस्ट्रेशन करू का, पुस्तकं-खेळणी किती लागतील. मी उलट विचारते, रोज दारात कोण उभं राहणार ते ठरलंय का? बहुतेक वेळा ठरलेलं नसतं. "ते मिळेल कोणीतरी" असं उत्तर येतं. आणि माझ्या इतक्या वर्षांच्या अनुभवात सेंटरं बंद पडताना बघितली ती जागेमुळे कमी आणि या "कोणीतरी"मुळे जास्त.

म्हणून हे लिहितेय. विषय फक्त माणसांचा, म्हणजे सेंटर पुढे नेणारी माणसं कोण असतात, ती कशी निवडायची, त्यांना काय द्यायचं, त्यांच्यावर लक्ष कसं ठेवायचं आणि ती निघाली तर काय करायचं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. लीडर म्हटलं की आपल्याला संस्थापक आठवतात नाहीतर अध्यक्ष, पण सेंटरमधल्या कुठल्याही पोराला विचारा की इथलं मोठं कोण, ते रोज हजेरी घेणाऱ्या ताईचं किंवा दादाचं नाव सांगेल. अध्यक्ष त्याला माहीतही नसतात. म्हणजे काम तीन प्रकारचं आहे. एक दारातलं, सेंटर को-ऑर्डिनेटरचं. दुसरं सगळी सेंटरं, माणसं, पैसे, शाळांशी बोलणं हे सांभाळणाऱ्या प्रोग्रॅम हेडचं. आणि तिसरं ट्रस्टींचं, ज्यांनी रोज काम करायचं नाहीये पण प्रश्न विचारायचेत. छोट्या संस्थेत पहिली दोन कामं एकच माणूस करतो, ते चालतं. पण तिसरं काम त्याच माणसाकडे किंवा त्याच्या घरच्यांकडे गेलं की मात्र गडबड होते, कारण मग विचारणारं कोणी उरत नाही. माझं स्पष्ट मत आहे की प्रोग्रॅम हेड आणि ट्रस्टी या दोघांचं मुख्य काम एकच, दारातलं माणूस टिकवणं. मुलांना दर चार महिन्यांनी नवा चेहरा बघावा लागत असेल तर भिंतीवरचे रंग आणि टॅबलेट कितीही चांगले असू देत, मूल मोकळं होत नाही.

हे काही आजचं नाहीये. अमेरिकेत हार्टफर्ड गावात १८६० मध्ये मेरी आणि ॲलिस गुडविन या बहिणी आणि एलिझाबेथ हॅमर्स्ली अशा तीन बायकांनी रस्त्यावर भटकणाऱ्या मुलांना आत बोलावलं, त्यांच्यासाठी नाच-नाटक सुरू केलं. आजची बॉईज अँड गर्ल्स क्लब्ज ही मोठी संस्था आपली सुरुवात तिथूनच मोजते. आधी मुलांना "या आत" म्हणणारी माणसं होती, संस्था नंतर उभी राहिली.

आता को-ऑर्डिनेटर कसा निवडायचा. सर्टिफिकेट बघा, जरूर बघा, पण फक्त इंटरव्ह्यूवर माणूस घेऊ नका. त्याला एक संध्याकाळ मुलांमध्ये बसवा, आपलं जबाबदार माणूस बाजूला ठेवून, आणि तुम्ही कोपऱ्यात बसून बघा. काय बघायचं? तो आल्या आल्या बोलायला लागतो का आधी बघतो. मुलाशी बोलताना खाली बसतो का उभ्यानेच बोलतो. दंगा झाला तर आवाज चढवतो की जागा बदलतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जे मूल एकटं बसलंय ते त्याच्या नजरेत आलं का. मी एकदा दोन जणांना अशी वेगवेगळी संध्याकाळ दिली होती. एकाने पूर्ण तासभर मस्त खेळ घेतले, पोरं खूश, मीही खूश. दुसरीने खेळ साधाच घेतला, पण निघताना मला विचारलं, "ती खिडकीजवळची मुलगी दप्तर खांद्यावरून काढतच नाही, रोज असंच असतं का?" मी तिथं आठवड्यातून दोनदा जात होते आणि माझ्या हे लक्षात आलं नव्हतं. तिलाच घेतलं. पहिला मुलगाही चांगला होता, त्याला आठवड्यातून एक दिवस खेळांसाठी बोलावलं आणि तो आनंदाने यायचा.

इंटरव्ह्यूत गोल गोल प्रश्न विचारू नका की तुम्हाला मुलं आवडतात का. सगळ्यांनाच आवडतात. प्रसंग द्या. दोन मुलांची मारामारी झाली, एकाच्या नाकातून रक्त येतंय, बाकी अठरा जण गोळा झालेत आणि तुमच्यासोबतचा व्हॉलंटियर नवीन आहे, पहिल्या दोन मिनिटांत काय कराल? किंवा एखादी पालक रोज चाळीस मिनिटं उशिरा येते, तिला काय म्हणाल? उत्तरातून कळतं की माणूस मुलाचा विचार करतोय, पालकाचा अपमान न करता बोलतोय का नुसता नियम सांगतोय.

आधीच्या ठिकाणी फोन करायचाच. निदान दोन ठिकाणी. ईमेलवर सगळे चांगलंच लिहितात, फोनवर विचारा की तुम्ही यांना परत मुलांसोबत काम द्याल का, आणि उत्तराआधी किती वेळ गेला ते ऐका. तुमच्या देशात पोलीस पडताळणी किंवा बॅकग्राउंड चेकची जी पद्धत असेल ती पूर्ण झाल्याशिवाय कोणालाही मुलांसोबत एकटं सोडायचं नाही, मग तो ट्रस्टींचा भाचा असो की मोठ्या देणगीदाराने पाठवलेला व्हॉलंटियर. इथं भीड आली की पुढचं सगळं सैल होतं.

सुरक्षेबद्दल जरा जास्त लिहिणार आहे, कारण लीडरची खरी परीक्षा तिथंच होते.

कुठल्याही वेळी मुलांसोबत दोन मोठी माणसं, एक नाही. एक जण आजारी पडला आणि दुसरा कोणी मिळाला नाही तर त्या दिवशी सेंटर बंद, आणि पालकांना लवकर कळवायचं. हे ठरवताना जड जातं, कारण बंद ठेवलं तर मुलं कुठं जाणार हा प्रश्न असतोच, म्हणूनच बदली माणसांची यादी आधीपासून तयार ठेवायची, पडताळणी झालेली, ऐनवेळी शेजारच्या कोणाला उभं करायचं नाही. मुलांची संख्या सहा वर्षांवरच्यांसाठी साधारण दहा ते पंधराला एक मोठा माणूस, लहान असतील तर आठ ते बाराला एक, याच्या पुढे गेलात की तो माणूस फक्त गर्दी सांभाळतो, मुलं दिसेनाशी होतात. मोठी मुलं मदत करतात ती यात मोजायची नाहीत.

मूल न्यायला कोण येणार याची यादी प्रत्येक मुलाची वेगळी, पालकाच्या सहीची. यादीत नाव नाही तर मूल द्यायचं नाही, बस. एक संध्याकाळ मला अजून जशीच्या तशी आठवते. शेवटची दोन मुलं उरली होती, दिवे लावून झाले होते, आणि एक माणूस आला, अगदी नीटनेटका, हसतमुख, म्हणाला मी याचा मामा, ताईला उशीर होतोय म्हणून मला पाठवलंय. मुलगाही "मामा" करत त्याला बिलगला. आमची को-ऑर्डिनेटर तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची. ती म्हणाली, "बसा ना, पाणी घ्या, मी फोन लावते." आईचा फोन लागेना. तो माणूस चिडला, मुलगा समोर दिसतोय ना ओळखतोय मला, आवाज वाढला. ती उठली नाही, दार आणि मुलगा यांच्यामधली खुर्ची तिने सोडली नाही, दर पाच मिनिटांनी फोन करत राहिली. पंचवीस मिनिटांनी आईचा फोन आला. मामा खराच होता, आईनेच पाठवला होता, नाव लिहायचं राहिलं होतं. दुसऱ्या दिवशी आई भांडायला आली आणि जाण्याआधी तिने को-ऑर्डिनेटरचा हात हातात धरला.

ती मुलगी तिथं टिकून राहू शकली कारण तिला माहीत होतं की वरचे लोक तिच्या बाजूने उभे राहतील. प्रोग्रॅम हेड म्हणून तुमचं काम तेच आहे. पालक ओरडले, मुख्याध्यापक ओरडले, देणगीदाराला वाईट वाटलं तरी "नियम मी केलाय, तिने पाळलाय" हे तुम्ही म्हणायचं. एकदा जरी तुम्ही सर्वांसमोर मागे हटलात तर पुढच्या वेळी ती मूल देऊन टाकेल.

आणि एखाद्या मुलाने घरातलं किंवा कुठलंही त्रासाचं काही सांगितलं तर काय करायचं हे प्रत्येक माणसाला पहिल्या दिवसाआधी शिकवायचं, नंतर नाही. ऐकून घ्यायचं. "कोणाला सांगणार नाही" असं वचन द्यायचं नाही, कारण ते पाळता येत नाही आणि मुलाचा विश्वास दुसऱ्यांदा मोडतो. खोदून खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, तपास करणं आपलं काम नाही. "सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणायचं, मुलाचेच शब्द त्याच दिवशी लिहून काढायचे, तारीख वेळ टाकून, आणि ठरलेल्या एका जबाबदार माणसाला लगेच कळवायचं, त्याने पुढे तुमच्या इथल्या कायद्याप्रमाणे संबंधित यंत्रणेकडे जायचं. तक्रार त्या जबाबदार माणसाबद्दलच असेल तर कोणाकडे जायचं हे पण लिहिलेलं हवं, हा भाग बऱ्याच संस्था विसरतात.

आता टिकवण्याचं. पगार वेळेवर हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे आपण को-ऑर्डिनेटरला फक्त मुलं समोर असतात त्या तासांचे पैसे देतो. तीन तास मुलं, तीन तासांचा पगार. मग उद्याची तयारी कधी करायची, त्या खिडकीजवळच्या मुलीच्या बाईंना कधी भेटायचं, वही कधी लिहायची? सगळं घरी, फुकट. वर्षभराने ती थकते आणि जाते, आणि आपण म्हणतो आजकालची मुलं टिकत नाहीत. माझा आग्रह आहे की दर तीन तासांमागे निदान एक तास तयारीचा धरा आणि पैसे देऊन धरा. देणगीदाराला बजेट दाखवताना ही ओळ लपवू नका, वेगळी दाखवा.

या तासाला आधार आहे. जोसेफ डर्लाक, रॉजर वाइसबर्ग आणि मॉली पाचन या संशोधकांनी २०१० मध्ये शाळेनंतरच्या ६९ प्रोग्रॅम्सवरचे अभ्यास एकत्र करून बघितले. ज्या ठिकाणी कौशल्यं क्रमाक्रमाने, करून बघत, त्यासाठी ठरवून वेळ काढून आणि नेमकं काय शिकवायचंय ते स्पष्ट ठेवून शिकवली जात होती तिथल्या मुलांच्या स्वतःबद्दलच्या भावनेत, वागण्यात आणि शाळेतल्या कामगिरीतही फरक दिसला, आणि ज्यांच्याकडे या चारपैकी एखादं जरी कमी होतं तिथं असा ठोस फरक दिसला नाही. आता क्रमाक्रमाने शिकवायचं तर आदल्या दिवशी बसून आखावं लागतं ना, ते दारात चपला काढता काढता सुचत नाही.

आठवड्यातून एकदा अर्धा तास, प्रोग्रॅम हेड आणि को-ऑर्डिनेटर, फक्त दोघं, ठरलेल्या वेळी. यात हजेरीचे आकडे विचारू नका, ते शीटमध्ये असतात. विचारा, या आठवड्यात कुठल्या मुलाने तुला विचारात टाकलं? कशाचा राग आला? मी काय केलं तर तुझं काम सोपं होईल? आणि तिसऱ्या प्रश्नाचं जे उत्तर येईल त्यातली एक तरी गोष्ट पुढच्या आठवड्याच्या आत करून दाखवा, नाहीतर ती सांगायचंच बंद करेल.

शाळेची खोली वापरत असाल तर अजून एक काम लीडरचं, आणि दिसायला फारच बारीक आहे. आत गेल्या गेल्या खोलीचा फोटो काढायचा, बाकं कशी होती, फळ्यावर काय होतं, डस्टर कुठं होतं. जाताना फोटो बघून सगळं जसंच्या तसं. सकाळच्या बाईंना डस्टर सापडलं नाही की तक्रार मुख्याध्यापकांकडे जाते, दोन-तीन तक्रारी झाल्या की खोली जाते, ही माझी ऐकीव माहिती नाही, आमची एक खोली अशीच गेली आणि चाळीस मुलं महिनाभर घरी बसली. शाळेच्या शिपाईकाकांशी, सफाईवाल्या मावशींशी ओळख ठेवा, त्यांना नावाने हाक मारा, त्यांच्या वेळा जपा. किल्ली त्यांच्याकडे असते.

ट्रस्टींबद्दल थोडक्यात. मोठी नावं गोळा करू नका. एक हिशोब कळणारं माणूस, एक मुलांचं काम कळणारं, एक कायद्याचं, आणि निदान एक असं ज्याचं स्वतःचं मूल अशा सेंटरला जायचं किंवा जातं. चेकवर दोन सह्या, आणि त्या दोन सह्या एकाच घरातल्या नसाव्यात. दर महिन्याला एका पानावर हिशोब, किती आले, किती गेले, किती महिने पुरतील. तीन ते सहा महिन्यांचा खर्च बाजूला असावा असं साधारण म्हणतात, नवीन संस्थेला ते लगेच जमत नाही, पण एका महिन्यापासून सुरुवात करा. वर्षातून दोनदा प्रत्येक ट्रस्टीने एक पूर्ण संध्याकाळ सेंटरमध्ये काढायची, भाषण न करता, फोटो न काढता, मुलांसोबत बसून. त्याशिवाय बजेटवर मत देऊ नये असं मला वाटतं.

पैसे कुठून येतात हे बघणं ट्रस्टींचंच काम. शिकागोचं हल हाऊस हे गरीब वस्तीतलं समाजकेंद्र जेन ॲडम्स आणि एलन गेट्स स्टार यांनी १८८९ मध्ये सुरू केलं, तिथं लहान मुलांचे वर्ग होते, क्लब होते, ॲडम्सना १९३१ मध्ये शांततेचं नोबेल मिळालं, १९३५ मध्ये त्या गेल्या त्यानंतरही संस्था कितीतरी दशकं चालली. आणि २०१२ च्या जानेवारीत ती बंद झाली, पैसे संपले म्हणून. उत्पन्नाचा मोठा भाग सरकारी निधीवर अवलंबून होता. एवढी जुनी, एवढ्या नावाजलेल्या संस्थेचं असं होऊ शकतं तर आपल्याकडे एकाच देणगीदाराकडून अर्ध्याहून जास्त पैसे येत असतील तर पुढच्या मीटिंगचा पहिला विषय तोच ठेवा.

मुलांना लीडर करायचं असतं तिथंही जरा जपून. बऱ्याच ठिकाणी बालपंचायत असते आणि मुलं पाहुण्यांसमोर लिहून दिलेलं वाचतात. रॉजर हार्ट या अभ्यासकांनी १९९२ मध्ये युनिसेफसाठी मुलांच्या सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली होती, त्यातल्या खालच्या तीन पायऱ्या, म्हणजे मुलांना वापरून घेणं, शोभेला उभं करणं आणि नावापुरतं घेणं, यांना त्यांनी सहभाग मानलंच नाही. १९८९ च्या संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क करारात कलम १२ मुलांचं मत ऐकण्याचं आहे आणि कलम ३१ विश्रांती आणि खेळाचं. हे रोजच्या कामात आणायचं तर छोटा पण खरा निर्णय द्या. महिन्याचे खेळाचे पैसे इतके, काय घ्यायचं तुम्ही ठरवा. त्यांनी आपल्याला न पटणारी वस्तू घेतली तरी घेऊ द्यायची, मोडली की पुढच्या वेळी तेच बोलतील. चौदा-पंधरा वर्षांची जुनी मुलं लहानांना वाचून दाखवायला फार चांगली असतात, त्यातलीच काही पुढे को-ऑर्डिनेटर होतात, पण त्यांच्यावर कुलूप, पैसे किंवा लहान मुलांची जबाबदारी टाकू नका, ती पण मुलंच आहेत.

शेवटी जाण्याचं. चांगला को-ऑर्डिनेटर कधी ना कधी जाणारच, लग्न, शिक्षण, दुसरी नोकरी, आणि संस्थापकही जाणार. त्यासाठी पहिल्या महिन्यापासून एक वही ठेवा. कुठली किल्ली कुठली, कुठलं मूल कशाला घाबरतं, कोणाला दम्याचा त्रास आहे आणि पंप कुठं आहे, कुठल्या पालकांना फोनपेक्षा मेसेज बरा पडतो, पावसात कुठल्या कोपऱ्यात पाणी येतं. औषधं आणि घरची माहिती असल्यामुळे ती कुलपात राहील हे बघा. वही दर शुक्रवारी दहा मिनिटं भरायची.

आणि मुलांना सांगायचं. मोठ्यांना वाटतं सांगितलं तर रडतील, म्हणून शेवटच्या दिवशी सांगतात किंवा सांगतच नाहीत, आणि सोमवारी मूल येतं तर ताई नसते. निदान तीन आठवडे आधी सांगा, ताईने स्वतः सांगावं, कॅलेंडरवर तिचा शेवटचा दिवस मुलांकडूनच गोल करून घ्यावा आणि नवीन येणाऱ्याचं नाव पण त्याच दिवशी सांगावं. पहिल्या आठवड्यात नवीन माणूस मागे बसतो, जुनी ताई सगळं घेते. दुसऱ्या आठवड्यात दोघं मिळून. तिसऱ्या आठवड्यात नवीन माणूस हजेरी घेतो आणि जुनी ताई मागे, मुलं तिच्याकडे वळून बघतात तेव्हा ती पुढे बोट दाखवते. शेवटच्या दिवशी किल्ल्या मुलांसमोर द्या, आणि दार नव्या माणसाला बंद करू द्या.